पांडुतात्यांचा खुलासा

घरात दूध उतू गेलं तरी पांडुतात्या आधी खुलासा करायचे आणि मग गॅस बंद करायचे.

हे ऐकीव नाही. आमच्या साखर कारखान्याचे ते जनसंपर्क अधिकारी आणि मी त्यांच्या हाताखाली. एकदा मी कामासाठी त्यांच्या घरी गेले होते. काकू अंगणातून ओरडल्या, "आवं, दूध करपलं का काय?" तात्या गॅससमोरच उभे. म्हणाले, "सदर वृत्तात तथ्य न्हाई. परिस्थिती नियंत्रणात हाय." घरभर वास सुटला होता.

जीप पंक्चर झाली की, "हवा तात्पुरती कमी हाय." अंगात ताप असला की, "अफवा हाय." मयताला गेले तरी मला बाजूला घेऊन विचारणार, "बातमी दिली का गं कुणी? फोटो कुठला दिलाय?" फोटो बरा नसला तर पेपरच्या हपिसात फोन करून बदलायला लावणार. का, तर "गेलेल्या माणसाला खुलासा करता येत न्हाई, पोरी."

गेल्या हिवाळ्यात सांगलीला जनसंपर्कवाल्यांची विभागीय परिषद झाली. साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतची माणसं गळ्यात ओळखपत्रं अडकवून आली होती. हॉल मार्केट यार्डाजवळ, त्यामुळे खिडकी उघडली की हळदीचा वास. विषय होता डिजिटल युगातल्या प्रतिमेचा. तात्या कडक सफारीत पहिल्या रांगेत. पहिल्या वक्त्यावर त्यांचा अभिप्राय, "लय झकास बोलला. काय बोलला ते कळलं न्हाई, पण आपल्या धंद्यात चालतंय."

जेवणाआधी ज्येष्ठांचा सत्कार होता. त्यात आटपाडीचे गुरव सर होते. तात्यांच्या आधी आमच्या कारखान्यात तेच जनसंपर्क बघायचे. तात्यांना नोकरीला लावलं त्यांनीच, बातमी लिहायला शिकवलं तेही त्यांनीच. सुनेनं त्यांना हाताला धरून आणलं होतं. ती तात्यांच्या कानाशी म्हणाली, "हल्ली विसरत्यात ओ. थोडंच बोलू द्या."

सर बोलायला लागले आणि हॉल गप्प झाला. "मित्रहो, वाईट बातमी लपवू नका. ती आपण सांगितली नाही तर दुसरा सांगतो, आणि त्याच्या तोंडाला आपण हात लावू शकत नाही." टाळ्या पडल्या. सरांनी चष्मा सारखा केला. "मित्रहो, वाईट बातमी लपवू नका..." लोकांना वाटलं, जोर देण्यासाठी. मग पुन्हा, "मित्रहो..." मागच्या रांगा खुसखुसल्या. कडेला बसलेल्या एका तरुणानं मोबाईल उंच धरला. सूत्रसंचालक चिठ्ठी घेऊन पुढं सरकला.

एवढ्यात तात्या उठले. खणखणीत आवाजात म्हणाले, "सर, मागच्या रांगंला ऐकू गेलं न्हाई! परत एकदा सांगा, मुद्दा लय मोलाचा हाय!"

सरांचा चेहरा फुलला. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. तात्या उभ्यानंच टाळ्या वाजवू लागले. पहिली रांग उठली म्हणताना बाकीच्यांनाही उठावं लागलं. त्या गलक्यात तात्या व्यासपीठावर गेले, "पुढचं जेवताना सांगा," म्हणून सरांना धरून खाली घेऊन आले. वाटेत त्या तरुणापाशी थांबले.

"गड्या, ते पुसून टाक."

"सर, गंमत म्हणून..."

"पूस."

त्यानं पुसेपर्यंत तात्या हलले नाहीत.

जेवणाच्या मांडवात तात्यांनी सरांचं ताट स्वतः वाढून आणलं. सर त्यांच्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आपण कोण? ओळख पटली नाही."

सुनेनं मान खाली घातली. उभी हयात या माणसानं सरांचं नाव घेऊन नोकरी केली होती.

"मी पांडुरंग, सर," तात्या म्हणाले. "नवीन हाय. तुमच्या हाताखाली लागलोय."

"असं होय? गाव कुठलं?"

"कवठे महांकाळ."

"बातमी लिहिता येते?"

"न्हाई, सर."

"घाबरू नका. शिकवीन मी."

"व्हय, सर." तात्यांनी सरांच्या पुरीचे बारीक तुकडे केले आणि आमटीची वाटी जवळ सरकवली.

बातमीचं पहिलं वाक्य कसं असावं, ते सर सांगू लागले. सून मधे काही बोलायला गेली, तर तात्यांनी तिला हातानंच थांबवलं. खुर्ची ओढून ते सरांच्या आणखी जवळ बसले आणि ऐकत राहिले.