गेममधल्या दुकानात चपला काढणारे बापू

आमच्या शेजारचे बापू व्हिडिओ गेममधल्या दुकानात शिरताना चपला काढतात. गेममधल्या शिपायाच्या नव्हे हो, स्वतःच्या पायातल्या! सोफ्यावर बसल्या बसल्या. वर मलाच विचारतात, "दुकानाची गादी हाय, चपला घालून जायचं व्हय?"

बापूंची सगळी उमर गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानात गेली. मालक गल्ल्यावर, बापू गादीवर साड्या उलगडत. आता मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिचा गेम बापूंच्या गळ्यात पडला.

गेममधल्या शिपायानं गावामागून गावं ओलांडत राजाला सोडवायचं असतं. बापूंचा शिपाई मात्र पहिल्याच गावात, एका म्हाताऱ्या दुकानदाराकडं मुक्काम ठोकून बसलाय. दुकानदार कॉम्प्युटरचा. त्याला दोनच वाक्यं येतात: "आओ मुसाफिर, क्या चाहिए?" आणि "फिर आना." बापू दर वेळी तितक्याच हौसेनं उत्तर देतात. "व्हय व्हय, येतो की!"

आणि मग कुरकुरतात, "गिऱ्हाइकाला उभं ठेवतो, पाणी विचारत नाय. पण माणूस लई सज्जन."

मला गेमचा शेवट बघायची घाई. एकदा वैतागलोच. "बापू, अहो राजा सडतोय तिकडं तुरुंगात! चला की पुढं!"

"पुढं गेलो की दुश्मन येऊन गाव जाळतेत. पोरीनं सांगितलंय. दुकान जाईल, हाबी जाईल."

"अहो, तो खोटा आहे! सगळे खेळणारे पुढं जातात. त्याच्याकडं कोण बघतं?"

बापूंनी रिमोट मांडीवर ठेवला.

"माझ्याकडं तरी कोण बघत होतं? गिऱ्हाईक साडीकडं बघायचं. मीबी रोज तेच बोलायचो. या, बसा, काय दाखवू? जाताना, पुन्हा या. एकानंबी कधी नाव विचारलं नाय. परवा क्रांती चौकात एक बाई दिसल्या. त्यांच्या लेकीच्या लग्नाचा अख्खा बस्ता मी काढून दिलेला. मी हात जोडले, तर त्यांना वाटलं रस्ता विचारतोय. बिचाऱ्यांनी बसस्टँड दाखवलं."

मला आधी हसू आलं, मग फार वाईट वाटलं. मी निघायला उठलो.

"पुन्हा या," बापू सवयीनं म्हणाले.

दारात चपलेत पाय घातला आणि तसाच काढून परत आत आलो. "बापू, तुमचं खरं नाव काय हो?"

बापू गडबडले.

"रंगनाथ," ते म्हणाले. मग उशी सरकवून त्यांनी सोफ्यावर जागा केली. "बसा ना. पाणी आणतो."