नव्या ड्राइव्हचा नारळ

धुळ्याच्या सूतगिरणीत कॉम्प्युटर चालवणाऱ्या तोतारामला एका गोष्टीची बालंबाल खात्री होती: एकदा टेपवर चढवलं की ते जन्मात हरवत नाही! म्हणून त्यानं अठ्ठ्याऐंशी साली आपल्या आईकडून, भिकुबाईकडून, हळदीची सगळी गाणी उतरवून घेतली आणि टाइप करून ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या टेपवर ठेवून दिली. लिहिलेले कागद फेकले. टेप असताना कागद कशाला?

"ठेय भाऊ, जपीसन ठेय," म्हातारी समाधानानं म्हणाली.

पुढे काही वर्षांनी गिरणीत टेप वाचणारा नवा ड्राइव्ह आला. नवं यंत्र म्हणजे नारळ हवाच! पण फोडायला दगड सापडेना. तोतारामची नजर जुन्या ड्राइव्हच्या लोखंडी पेटीवर गेली.

"आता हिचा काय उपयोग? नवा जुन्याचं सगळं वाचतो!" असं म्हणून त्यानं नारळ तिच्यावरच आपटला. पाणी सगळं आत गेलं. खोबरं मात्र गोड निघालं, सगळ्यांनी वाखाणलं.

मग मुलीचं, कुंदाचं लग्न ठरलं. "हळदीला गाणी आमच्या आईचीच! छापून वाटतो," तोतारामनं सोयऱ्यांना सांगून टाकलं आणि टेप नव्या ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह गुरगुरला आणि त्यानं ती बाहेर टाकली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर! त्यानं नाशिकच्या इंजिनिअरला फोन लावला.

"अहो, तो एकच पिढी मागची टेप वाचतो. तुमची दोन पिढ्या मागची आहे."

"मग मधली पिढी कुठंय?"

"ती तुम्ही घेतलीच नाही! पण जुना ड्राइव्ह आहे ना? त्यावर वाचा."

"आहे. पण नारळ फोडलाय."

"त्याच्यापुढे?"

"त्याच्यावर."

इंजिनिअरनं फोन ठेवून दिला. तोतारामनं तरी जुनी पेटी चालू करून पाहिली. फट्ट आवाज झाला आणि आंबूस धूर निघाला.

हळदीच्या दिवशी बाया जमल्या. तोताराम चोरासारखा आईजवळ जाऊन बसला.

"माय, टेप चालत नही. तूच म्हन ना."

भिकुबाईनं पहिली ओळ धरली. अडली. पुन्हा धरली, पुन्हा अडली.

"इसरी गऊ रे भाऊ! बठ्ठा गाना तू त्या डब्बामा ठेयात ना? मंग मी कसाले याद ठेवू?"

टेपच्या भरवशावर म्हातारी सगळी गाणी विसरली होती. हे आपणच केलं, एवढंच तोतारामला कळत होतं. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातात मांडवाचा नारळ दिला.

"फोडा आबा, उशीर व्हई राहिना!"

तोताराम नारळ घेऊन अंगणभर दगड शोधत हिंडत राहिला.