सोमवारची अकोसुआ

सेरवाला दापा सरांचा पहिल्या दिवसापासून संशय होता. कुमासीतले बाकीचे मास्तर पोरांकडून पाढे घोकून घेत, हे गृहस्थ आंब्याखाली बसून तिच्या अकरा वर्षांच्या लेकीला, न्हिराला, विचारत, "तिघांपैकी एक खोटं बोलतोय. कोण?"

"ह्याला गणित म्हणतात?" सेरवानं एकदा खडसावलंच.

"गणितच की, बाई! पडताळल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं कळलं की झालं."

पोरीला ते जरा जास्तच कळलं. महिन्याभरात ती पाववाल्या बाईपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांची विधानं तपासू लागली. त्यात सरांनी तिला तारखेवरून वार काढायला शिकवलं.

शनिवारी सेरवाच्या बहिणीला, अकोसुआला, मागणी घालायला क्वाजो आपल्या माणसांसह, रिवाजाप्रमाणे दारूच्या बाटल्या घेऊन आला. आधीची दोन स्थळं मोडली होती, त्यामुळे घरदार श्वास रोखून होतं. सरांना सेरवानं मुद्दाम बोलावलं होतं, नजरेसमोर राहावेत म्हणून. चर्चचा अर्ज भरताना क्वाजोच्या आत्याबाईंनी जन्मतारीख विचारली.

"चौदा मार्च, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी," अकोसुआ लाजून म्हणाली.

न्हिराची बोटं भराभर हलली. "सोमवार! मग मावशी, तुझं नाव अजोआ हवं. तू रविवारची अकोसुआ कशी?"

तिथं नाव जन्मवारावरूनच ठेवत. सोमवारच्या मुलीला रविवारचं नाव ठेवणारं घर अख्ख्या कुमासीत सापडलं नसतं. आत्याबाईंनी बाटली हळूच स्वतःकडे ओढली.

"नाव खोटं, का तारीख खोटी?"

"बघितलंत तुमचं गणित?" सेरवा सरांवर दात-ओठ खात पुटपुटली. "सावरा आता!"

सरांनी घाम पुसला. "वर्ष सांगताना चुकलं असेल. त्र्याण्णव साली चौदा मार्चला रविवारच होता. म्हणजे मुलगी उलट पाच वर्षांनी लहान!"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. आत्याबाईंचा हात बाटलीवरून निघाला.

"पण सर," न्हिरा म्हणाली, "मावशीची शाळा दोन हजार साली संपली. भिंतीवर फोटो आहे. सातव्या वर्षी? ब्याऐंशी सालीपण चौदा मार्चला रविवार येतो, मग शाळा अठराव्या वर्षी संपते."

सरांनी बोटांवर मोजून पाहिलं. शिष्येचं उत्तर बरोबर होतं. अकोसुआचे डोळे भरून आले. हेही स्थळ गेलं म्हणून ती उठू लागली.

तेवढ्यात क्वाजो उठला. "बसा हो. वयात काय ठेवलंय? मला मुलगी पसंत आहे. अर्ज नंतर भरू. आत्या, बाटली उघड!"

सेरवानं सुटकेचा निःश्वास टाकला. अकोसुआनं मात्र डोळे पुसले आणि एवढ्या मोठ्या मनाच्या त्या माणसाकडे नीट निरखून पाहिलं.

"क्वाजो म्हणजे तुम्ही सोमवारचे ना?" तिनं गोड आवाजात विचारलं. "तारीख कोणती?"

क्वाजोचा पेला ओठांशीच थांबला. "तारीख... अशी एकदम नाही आठवत."

"न्हिरा," अकोसुआ म्हणाली, "तुझी वही आण गं."