पोतंभर नारळ

"ह्या ईदीला घरात सांदणं झाली नायत, तर मी पोरांना घेऊन आईकडे जातंय. मग तुमी नि तुमचा बायलर, दोघांनी मिळून ईद करा," हलिमाने पहाटे सहरीचं ताट वाढता वाढता सांगून टाकलं.

शाबुद्दीन मिस्त्रीने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि नुसती मान हलवली. रोजे सुरू झाल्यापासून तो हूं आणि उहूं यांपलीकडे फारसं बोलत नसे. दिवसभर बायलरच्या धगीत उभं राहायचं आणि घशाखाली पाण्याचा थेंब घालायचा नाही, म्हणजे शब्दसुद्धा जपूनच वापरावे लागतात. शिवाय बायकोचं चुकत नव्हतं, ही मोठी अडचण होती.

शाबुद्दीन परकार हा मूळचा दाभोळकडचा. उमेदीची वर्षं आगबोटीच्या इंजिनाशी काढलेली. गिरधारीलाल शेठच्या माणसाने त्याला मुंबईच्या गोदीत हेरलं आणि वाटूरच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिन चालवायला आणलं. परकारांच्या गावात बसऱ्याला गेलेले, आफ्रिकेला गेलेले पुरुष घरटी सापडत. पण निजामाच्या मुलखात कोण गेलं होतं? 'मोगलाईत जातो' म्हटल्यावर हलिमाच्या आईने जे डोळे पुसायला घेतले, ते बोट सुटेपर्यंत पुसतच होती. बसरा तिला जवळचा वाटत होता.

म्हातारीचं फारसं चुकलं नव्हतं, हे शाबुद्दीनला हळूहळू कळत गेलं. इथलं नाणं निराळं, ज्वारीची भाकरी निराळी, समुद्राचं तर नावही नको. मशिदीतले लोक दख्खनीत बोलत आणि हा कोकणीत उत्तर द्यायला लागला की, 'मियाँ, कलमा तो आता है ना?' असं काळजीने विचारत. गावातले शेतकरी त्याची दाढी पाहून मोडकंतोडकं उर्दू बोलत, आणि त्याने मराठीत उत्तर दिलं की दचकत. हलिमाचे हाल त्याहून वाईट होते. शेजारच्या मुसलमान बाया तिच्या बोलण्याला हसत आणि जिनातल्या हिंदू बाया मिस्त्रीची बेगम म्हणून लांबून जात. वर्ष झालं, तिच्याशी धड कुणी बोललं नव्हतं.

मागची ईद तशीच गेली होती. म्हणून या खेपेला शाबुद्दीनने शेठकडे आठ दिवसांची रजा मागून पाहिली.

"देखो मिस्त्री," शेठ म्हणाला, "कापसाच्या गाड्या दारात उभ्या हायेत. तू गेला तर इंजन कोन चलायेगा, मैं? ईद इथंच कर ना. खुदा तो सब जगह है."

खुदा सगळीकडे आहे हे खरं, पण नारळ सगळीकडे नाहीत. आणि सांदणं म्हणजे तांदळाच्या रव्यात नारळाचं दूध घालून वाफवलेल्या गोड वड्या. त्या नसल्या तर दाभोळकडच्या माणसाची ईद होत नाही, नुसता रोजा सुटतो. वाटूरात नारळ मिळायचा तो पूजेच्या सामानात, तोही एखाददुसरा, आणि आत खडखडाट. म्हणून शाबुद्दीनने गोदीतल्या मेहुण्याला निरोप धाडला, आणि मेहुण्याने बहिणीच्या मायेने चांगलं पोतंभर नारळ आगगाडीत घातले.

ते परतूर स्टेशनावर नेमके ईदीच्या आदल्या दिवशी उतरले. जकातीच्या नाक्यावरच्या शिपायाने पोतं सोडलं, नारळ भुईवर ओतून पाहिले आणि पुन्हा भरले. तेवढ्यात बाजाराला आलेल्या निम्म्या लोकांनी ते पाहून घेतले. गाडीवान मात्र सज्जन. मिस्त्रीचं सामान मिस्त्रीला पोचवावं, म्हणून त्याने गाडी घराकडे न नेता सरळ जिनात आणली आणि पोतं बायलरच्या पायाशी उतरवून तो निघून गेला. सगळा घोटाळा तिथं झाला.

कचरू हा बायलरमध्ये लाकडं घालणारा आगवाला. त्याने पोत्यात डोकावून पाहिलं, मग बायलरकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे.

"मिस्त्री, बायलरला काय झालंय?"

"काय नाय झालं."

"मंग हे नारळ?"

"घरी खायला आणलेत."

कचरू हसला नाही. तो आणखी गंभीर झाला. त्याच्या आयुष्यात नारळ म्हणजे देवापुढं फोडायची वस्तू. फोडल्यावर नखाएवढा तुकडा हातावर पडतो, तो कपाळाला लावून तोंडात टाकायचा. दसऱ्याला बायलरपुढं एक नारळ फुटे आणि तो सगळ्या जिनाला पुरे. आणि हा माणूस म्हणतो, पोतंभर नारळ घरी खायला! शिवाय मिस्त्री गेले कैक दिवस वाफेच्या दाबाच्या काट्याकडे पाहून सुस्कारे टाकतो, हे कचरूने स्वतः पाहिलं होतं. ते सुस्कारे तहानेचे होते, पण सुस्काऱ्यावर कारण लिहिलेलं नसतं.

कचरू गुपचूप रेच्यांकडे गेला. तिथं ओळीने बसून बाया सरकी काढायच्या यंत्रात कापूस घालत होत्या.

"बायलर काही खरा न्हाई," तो म्हणाला. "मिस्त्रीनं नवस बोलून ठिवलाय. पोतंभर नारळ आणून ठिवलेत."

"पोतंभर?" साळूबाई उठलीच. ती त्या बायांची म्होरकी. "अगं बया! मंग तर फुटतोच की आता. उठा गं, लेकरं हायेत घरी आपल्याला!"

रेचे एकामागून एक थांबले आणि सगळ्या बाया आवारातल्या लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. कचरूही त्यांच्यात जाऊन उभा राहिला. बायलरपाशी एकटा शाबुद्दीन उरला.

तो बाहेर आला. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "बायांनो, चला कामाला. नारळ खायचे हायेत. आमच्याकडं रोज खातात. आमटीत घालतात, भातात घालतात, मासळीत घालतात."

"रोज?" साळूबाईने विचारलं.

"रोज."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. इतकं उघड खोटं बोलायची पाळी मिस्त्रीवर आली, म्हणजे प्रकरण भलतंच हाताबाहेर गेलेलं असणार. साळूबाईच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

आता सांगून भागत नाही, करून दाखवलं पाहिजे, असं शाबुद्दीनच्या मनाने घेतलं. तो शिडी लावून बायलरच्या माथ्यावर चढला, तिथं एक रिकामं गोणपाट अंथरलं आणि मांडी घालून बसला. "बघा! फुटणारा असता तर मी बसलो असतो का हितं?"

"बघा गं बिचारा," साळूबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. "शेठचा बायलर वाचवाया जीव द्यायला बसला!"

तेवढ्यात शेठ टांग्यातून आला. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, लिंबाखाली सगळा जिन, आणि बायलरवर मिस्त्री. बायांनी पुढं होऊन त्याला नवसाचं नि नारळांच्या पोत्याचं सांगितलं. त्याने फेटा काढून घाम पुसला.

"मिस्त्री, नीचे उतर. सच बोल. काय बिघडलं?"

शाबुद्दीन शिडी उतरून खाली आला. "शेठ, काय बिघडलं नाय. ईदीला सांदणं करायची हायेत म्हणून बायकोनं नारळ मागवले."

"पूरा पोता?"

"पूरा पोता."

"अरे, माझ्या लग्नात इतके नारळ न्हवते!"

या बोलण्याच्या नादात काट्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. रेचे थांबले होते, म्हणजे वाफ कुणी खात नव्हतं. भट्टीत लाकडं मात्र भडाभडा जळत होती. काटा चढत चढत शेवटाला टेकला आणि जादा वाफ सोडणारी झडप कानठळ्या बसवणारी किंकाळी फोडून उडाली. पांढऱ्या वाफेचा लोट छपरापर्यंत गेला.

त्यानंतरची पळापळ सांगत बसण्यात अर्थ नाही. गाड्यांचे बैल जू टाकून शेतात शिरले. साळूबाई शेठच्या आधी फाटकाबाहेर पोचली.

"शेठ, भिऊ नका! ही झडप उडते म्हणूनच बायलर फुटत नाय!" शाबुद्दीन ओरडून सांगत होता. त्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? "कचरू! आग ओढ बाहेर!" पण कचरू पार रस्त्यापलीकडे होता. मग मिस्त्रीनेच लांब आकडा घेतला आणि उपाशीपोटी, सुकल्या तोंडाने तो एकेक जळतं लाकूड भट्टीतून बाहेर ओढू लागला.

इकडे शेठचा धीर सुटला. "मिस्त्रीचा नवस फेडा रे! अभी के अभी!" म्हणत तो फाटकातून परत आत धावला, त्याने स्वतः पोतं ओढलं आणि इंजिनघराच्या उंबऱ्यावर नारळ आपटायला सुरुवात केली. एक फुटला, दुसरा फुटला. बाया चार पावलं पुढं आल्या. पोतं निम्मं झालं तशी किंकाळी बारीक झाली. शेवटचे नारळ फुटता फुटता झडप खाली बसली आणि सगळीकडे शांत झालं.

"पावला!" साळूबाईने हात जोडले.

भट्टीच्या मागे शाबुद्दीन शेवटचं लाकूड विझवत होता. त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. त्याने उंबऱ्यावर पडलेल्या नारळाच्या कवडांकडे पाहिलं, आणि त्याला इतकं थकल्यासारखं वाटलं की रागसुद्धा येईना. ईद उद्यावर आली होती. नारळ फुटले होते. हलिमा बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. आता या परमुलखात संध्याकाळी घरी जाऊन रिकाम्या भिंतींशी बोलायचं, एवढंच त्याला दिसत होतं.

फाटकात शेठने त्याचा खांदा थोपटला. बायलर वाचला म्हणून शेठ भलताच खुशीत होता. "बाया म्हणतात, नवस फिटला, आता आठ दिवस बायलरला विसावा. कोनी कामाला येनार न्हाई. तू भी जा मिस्त्री, बालबच्चे घेऊन गावी जाऊन ये. सकाळी माझी गाडी स्टेशनापर्यंत घेऊन जा."

रजा मिळाली होती! सांदणांचं काय एवढं? निघायचं म्हटल्यावर हलिमा सगळं विसरेल. आणि खरं सांगायचं तर तिच्याहून त्यालाच जायचं होतं. समुद्राचा वारा, भातावर ओतलेली आमटी, आणि आपली भाषा न हसता ऐकणारी माणसं. हे तो वर्षभर कुणाजवळ बोलला नव्हता. तो झपाझप चालू लागला. मशिदीपाशी लोक आभाळाकडे बोटं दाखवत एकमेकांना मिठ्या मारत होते. चंद्र दिसला होता.

तो घराशी आला तर अंगणात बायांची गर्दी. आत पाहतो तो मध्ये हलिमा खोवणीवर बसलेली, समोर नारळाच्या कवडांचा ढीग, आणि साळूबाई तिच्या शेजारी बसून खोवलेलं खोबरं पाट्यावर वाटते आहे.

"आलेव?" हलिमा म्हणाली. कैक महिन्यांत ती त्याच्याकडे पाहून अशी हसली नव्हती. "नारळ फोडून, वर बायकांच्या हाती घरपोच धाडलेव! मना वाटलं नव्हतं तुमाला एवढं सुचंल."

"नवस मिस्त्रीचा, तवा पहिला मान मिस्त्रीच्या घराचा," साळूबाई म्हणाली. "आमी एकेक तुकडा घेतला, बाकी पाटीत घालून आणलं. पर मिस्त्री, तुमी खरंच बोलत व्हते की! आता ह्यांनी सांगितलं, तुमच्याकडं रोज खात्यात. आन ह्यांचं बोलणं तर आमच्यावानीच हाये, जरासं वाकडं. इतके दिस आमी उगंच भेत व्हतो."

शाबुद्दीनने बायकोला बाजूला बोलावलं. "अगो, हे नारळ बायलरपुढं फोडलेले हायेत. नवस म्हणून."

हलिमाने थोडा विचार केला. "बायलर काय देव हय? लोखंडाचं पिंप तां. आणि दिवसभर त्या पिंपाला चिकटून असलेला माणूस मी घरात घेतंय, मग हे खोबरं का नको?"

मग त्याने घसा खाकरून खरी बातमी सांगितली. "शेठनं आठ दिवसांची रजा दिली. सकाळी गाडी हाय. निघायचं घरी?"

"सकाळी?" हलिमा खोवणीकडे परत निघालीसुद्धा होती. "सकाळी तुमी नमाजला जाणार. दुपारी ह्या सगळ्या सांदणं खायला येणार. परवा साळूबाई मना पुरणाचे मांडे शिकवणार. आता कसली निघतंय मी? तुमी जाऊन या वाटलं तर."

"मी एकटाच?"

"आईला सलाम सांगा."

तो भिंतीला पाठ टेकून खाली बसला. वर्षभर ही बाई इथं कशी रमेल या काळजीने तो खंगला होता. आता ती रमली होती, आणि त्याला रडावं की हसावं ते कळत नव्हतं. कुणीतरी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. दिवसभरातलं पहिलं पाणी घशाखाली गेलं.

"मिस्त्री, नुसतं बसून काय राह्यले?" साळूबाईने वाटलेल्या खोबऱ्याचं पातेलं त्याच्यापुढं सरकवलं. "पिळा की. हात चांगले राकट हायेत."

तो फडक्यात खोबरं घेऊन पिळू लागला. पांढरं दूध पातेल्यात पडू लागलं. हलिमाने वाकून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"एवढ्या माणसांना हे पुरायचं नाय," ती म्हणाली. "पुढच्या ईदीला दोन पोती मागवा."

एका पोत्याने जिन रिकामा झाला होता. दोन पोती पाहून वाटूर गाव उठून पलीकडच्या घनसावंगीला पळून जाईल, हे शाबुद्दीनला साफ दिसलं. त्याने बोलायला तोंड उघडलं. मग पुढच्या ईदीला ती इथंच असणार आहे, हे त्याच्या ध्यानात आलं.

"मागवतो," तो म्हणाला आणि पुन्हा पिळू लागला.