सम तारखेचा नवरा

निर्बंध घालायला एक आदेश पुरतो. उठवायला मात्र सात लागतात. गाठ मारायला एक झटका पुरतो आणि सोडवायला दोन्ही हात आणि वर दात लागतात, हे ज्याने आयुष्यात कधी सुतळी हाताळली आहे त्याला वेगळं सांगायला नको. त्यामुळे गावातले निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले यात कुणाला नवल वाटलं नाही. उलट, इतकी घाई कशाला, असंच जाणत्यांचं मत पडलं.

पहिल्या आदेशाने केस कापायला परवानगी मिळाली, दाढीला नाही. (यामागे शास्त्र होतं. ते परिशिष्टात दिलं होतं. परिशिष्ट जोडायचं राहिलं.) दुसऱ्या आदेशाने दाढी मोकळी झाली, पण ती करताना बोलायचं नाही अशी अट पडली. सलूनवाला म्हणाला, त्यापेक्षा दुकान बंद होतं तेच बरं होतं. तिसऱ्याने तळ्याकाठच्या बाकावर एका टोकाला बसण्याची मुभा दिली, चौथ्याने कोणतं टोक ते स्पष्ट केलं, पाचव्याने चौथ्यातली चूक दुरुस्त केली. सहावा कुणालाच कळला नाही, तरी सगळ्यांनी तो काटेकोर पाळला. आणि सातव्याने सगळंच उठवलं; सबब, घरोघरी दिलेले पिवळे पास दक्षता समितीकडे परत करावेत, असं खाली लिहिलं.

या पासापाशी आमच्या कथेचं घोडं अडतं.

गावाच्या टोकाला एक निवृत्त जोडपं राहत होतं. तो एकतीस वर्षं सरकारी गोदामात भांडारपाल होता. आत काय आलं, बाहेर काय गेलं, शिल्लक किती, या तीन प्रश्नांपलीकडे जगात काही विचारण्यासारखं असतं, अशी त्याला शंकाही आलेली नव्हती. ती आरोग्य केंद्रात परिचारिका होती. अख्खं गाव तिला सिस्टर म्हणे. (चारचौघांत त्याच्याही तोंडून तेच जाई, आणि मग तो स्वतःच ओशाळून दोन पावलं मागे सरके.)

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. संसार दृष्ट लागण्यासारखा होता. दोघांत रोज सरासरी अकरा वाक्यं होत. पैकी सात प्रश्न: चार किल्लीविषयी, तीन गॅस बंद केला का याविषयी. उरलेली चार उत्तरं. (तीन प्रश्न अनुत्तरित राहत, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले जात.) भांडण कधी नव्हतंच. भांडायला विषय लागतो.

अशा सुखी घरात निर्बंध आले. दर घरामागे एक पास, दर पासावर दिवसातून एका माणसाची एक फेरी. पास म्हणजे सुतळी ओवलेला पिवळा पुठ्ठा. गळ्यात अडकवला की घरातला धनीसुद्धा गोदामातल्या पोत्यासारखा दिसे. भांडारपालाने लगेच कायमस्वरूपी व्यवस्था लावली: सम तारखेला तो, विषम तारखेला ती. व्यवस्था निर्दोष होती. फक्त एकतीस तारखेच्या मागोमाग एक तारीख येते, दोन्ही विषम, त्यामुळे वर्षातून सात वेळा तिला लागोपाठ दोन फेऱ्या मिळत. त्याने या अन्यायाकडे तिचं लक्ष वेधलं. तिने तक्रार ऐकून घेतली, दखल घेतल्याचं सांगितलं आणि त्याच्या हाती भांडी पुसायचं फडकं दिलं.

पहिल्या सम तारखेला तो गावात जाऊन आला. साडेपाचला मागच्या अंगणात दोन खुर्च्यांवर चहा झाला, तेव्हा तिने सहज विचारलं, काय म्हणतंय गाव?

"शिंपी एक, आजारी," तो म्हणाला. "किराणावाला एक, बरा. कुत्री तीन."

"शिंप्याला काय झालंय?"

"तो तपशील मागवलेला नव्हता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. एकतीस वर्षं पोती मोजली या माणसाने, आत काय आहे ते एकदाही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली आणि येताना शिंप्याचा खोकला, त्याच्या बायकोचा राग, रागाचं कारण आणि त्या कारणामागची बहीण, असं सगळं घेऊन आली. चहा दोनदा गरम करावा लागला. परवाच्या फेरीला तिने त्याला तीन प्रश्न लिहून दिले.

पुढे प्रश्न लिहून द्यायची गरज उरली नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं ज्याच्याविषयी वाटत होतं त्या आडाला पाणी लागलं. चौथ्या महिन्यात तो शिंप्याचा खोकला हुबेहूब काढून दाखवू लागला. तीन महिने नुसते मास्क शिवून शिंप्याच्या हाताला अशी सवय लागली होती की, त्याने एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या खिशालाही दोन्ही बाजूंना इलॅस्टिक लावलं, ही बातमी भांडारपालाने आणली तेव्हा सिस्टरला हसून हसून ठसका लागला. तिला असं हसताना त्याने याआधी पाहिलं होतं का, हे त्याने आठवून पाहिलं. नोंद सापडली नाही. त्या संध्याकाळी एकशे बेचाळीस वाक्यं झाली. किल्लीविषयी एकही नव्हतं.

भक्तीच्या प्रकारांत ऐकण्याला पहिला मान दिला आहे तो काही उगाच नाही. सांगणारे पैशाला पासरी मिळतात. पुढे सरकून बसणारा मिळायला पुण्याई लागते. त्याला ती साठी उलटल्यावर, समितीच्या शिक्क्याने मिळाली.

अर्थात काही दिवस कोरडे जात. गाव सगळंच घरात बसलेलं, बातमी घडणार कुठून? अशा वेळी भांडारपालाने आपल्या अधिकारात एक उपाययोजना केली. कोपऱ्यावरच्या कुलूपबंद घराच्या खिडकीत एक कुंडी होती. सम तारखेला जाता जाता तो ती बोटभर उजवीकडे सरकवून ठेवी. विषम तारखेला सिस्टर परत येई ती डोळे मोठे करून.

"अहो, कुंडी सरकलीये. घरात कुणीतरी आहे."

"काय सांगतेस," तो म्हणे, आणि चहाचा घोट घेई.

त्या घरात कोण लपलं असेल यावर त्यांनी अकरा आठवडे काढले. याला कुणी खोटेपणा म्हणेल. गोदामाच्या भाषेत याला साठा राखणं म्हणतात.

आणि मग सातवा आदेश आला.

दोघांनी इस्त्रीचे कपडे घातले, पिवळा पास समितीकडे जमा केला, पोच घेतली आणि सव्वा वर्षानंतर पहिल्यांदा जोडीने गावातून निघाले. शिंपी दारात येऊन म्हणाला, वा, आज जोडीनं. किराणावाला म्हणाला, वा, आज जोडीनं. सलूनवाला बरंच काही म्हणाला, कारण त्याची बंदी नुकतीच उठली होती. तळ्याकाठच्या बाकावर दोघं दोन्ही टोकांना बसली, आणि मग, आता परवानगी आहे हे आठवून, मध्ये सरकली. सोहळा दृष्ट लागण्यासारखा झाला.

साडेपाचला चहा झाला. भांडारपाल पुढे सरकून बसला.

"शिंप्याने दुकानाला हिरवा रंग दिलाय," तो म्हणाला.

"मी होते ना तिथे," ती म्हणाली.

तेही खरंच होतं. तो मागे टेकला. दुसऱ्या दिवशी ती सांगू लागली की सलूनवाल्याने मिशी ठेवलीये, आणि अर्ध्यावर थांबली. तिसऱ्या दिवशी त्याने वर्तमानपत्र घेतलं, तिने विणकाम. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, गॅस बंद केला का? वाक्यं पुन्हा अकरावर आली होती. देशभर सगळं पूर्वपदावर येत असल्याचं त्याच दिवशी वर्तमानपत्रात आलं होतं, आणि निदान या घरापुरती ती बातमी खरी होती.

दुसरा एखादा नवरा असता तर सरळ बायकोशी बोलला असता. पण हा नमुन्यातल्या अर्जाशिवाय कुणाकडे काही मागायला शिकला नव्हता. त्याने दक्षता समितीला लिहिलं:

"विषय: एका घरापुरते निर्बंध चालू ठेवणेबाबत. महोदय, आमच्या घरातील दोन्ही व्यक्ती एकाच वेळी बाहेर पडू लागल्याने घरातील आवक शून्यावर आली आहे. तरी पूर्वीप्रमाणे एका वेळी एकाच व्यक्तीस बाहेर सोडावे, ही विनंती. पासाची पोच सोबत जोडली आहे."

समितीपुढे सव्वा वर्षात चारशे अर्ज आले होते, सगळे सुटका मागणारे. कोंडून ठेवा म्हणणारा हा पहिलाच. समितीचे अध्यक्ष म्हणजे गावच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक. त्यांनी अर्ज तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला आणि निष्कर्ष काढला: हा माणूस बायकोबरोबर घराबाहेर पडायला तयार नाही. निर्बंध उठले आणि समितीला काम उरलं नव्हतं. हे काम म्हणजे आयतं ताटात पडलं. त्याच संध्याकाळी अध्यक्ष आणि सलूनवाला समेट घडवायला जोडप्याच्या घरी हजर झाले, आणि अध्यक्षांनी अर्ज, शाळेत हजेरी घेत तशा खणखणीत आवाजात, सिस्टरसमोर वाचून दाखवला.

सिस्टरने पाहुण्यांना चहा दिला, कप उचलले आणि आत गेली. आत कप विसळल्याचा आवाज आला. दोन कपांना लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

समितीने ठराव केला: उभयतांनी रोज दोनदा, एकत्र, किमान तळ्यापर्यंत जावं. देखरेखीला सलूनवाला. (दुकान वाटेवर असल्याने, आणि तो तसंही तेच करत असल्याने.)

मग चार दिवस गावाने एक आदर्श जोडपं पाहिलं. सकाळी तळं, संध्याकाळी तळं. खांद्याला खांदा, नजर समोर. सलूनवाला वस्तरा थांबवून वेळ लिहून घेई, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने साक्ष देई. कोपऱ्यावरची कुंडी आठवडाभर होती तिथेच होती. जिला चकित व्हायचं तीच शेजारी चालत असेल तर कुंडी सरकवून करायचं काय? घरातली वाक्यं सहावर आली. सहाही गॅसविषयी.

चौथ्या संध्याकाळी तिने विणकाम मांडीवर ठेवलं.

"छत्तीस वर्षांत तुम्ही माझ्यासाठी एक अर्ज केलात," ती म्हणाली. "तोही मला टाळायला."

भांडारपालाने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. यासाठी कुठलाही छापील नमुना उपलब्ध नव्हता.

"टाळायला नाही गं," तो म्हणाला. "तू बरोबर असलीस की मी काही बघतच नाही. तू घरी असलीस की वाटतं, हे बघावं, हे नीट लक्षात ठेवावं, घरी गेल्यावर तुला सांगायचंय. सांगताना तू अशी पुढे सरकून बसायचीस." त्याने कप पुन्हा खाली ठेवला. "आता तू मागे टेकून बसतेस."

तिने लोकर गुंडाळली.

"उद्या तारीख काय?"

"सतरा."

"म्हणजे माझी," ती म्हणाली. "भांडी तेवढी पुसून ठेवा."

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. तो दुपारी चारपासून दोन खुर्च्या मांडून बसला होता. साडेपाचला ती आली, चहा ओतला, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"अहो, कुंडी सरकलीये. या वेळी डावीकडे."

भांडारपालाने कुंडीला नऊ दिवस हात लावला नव्हता. शिवाय डावीकडे त्याने ती आजवर कधीच सरकवली नव्हती. त्याने बायकोकडे पाहिलं. ती साखर ढवळत होती. साखर ती चार वर्षांपूर्वीच सोडून बसली होती. चांगला माल दाराशी आला की तो कुठून आला हे विचारू नये, एवढं एकतीस वर्षांत तो शिकला होता.

"काय सांगतेस," तो म्हणाला, आणि पुढे सरकून बसला.

सलूनवाल्याच्या अहवालात सतरा तारखेला ती एकटी, अठराला तो एकटा, एकोणीसला पुन्हा ती एकटी, असं नोंदलं गेलं. समितीने जड अंतःकरणाने 'समेट अशक्य' असा शेरा मारून प्रकरण बंद केलं. साडेपाचच्या सुमारास घराच्या मागच्या बाजूने दोन माणसांच्या हसण्याचा आवाज येतो, अशीही नोंद अहवालात आहे. तो शेजारच्या रेडिओचा असावा, असं समितीचं मत पडलं. असल्या जोडप्यांचं शेवटी असंच होतं, म्हणत गाव हळहळलं, आणि आपापल्या घरी जाऊन, एकाच कोचावर, शेजारी शेजारी, आपापल्या फोनमध्ये बघत बसलं.

आता आपल्याविषयी. आपण हे वाचून हसला असाल, तर ठीकच आहे. आपल्या घरात कुणालाही एकट्याने बाहेर सोडण्याची वेळ आलेली नाही. तरीही नोंदीपुरता पुढील नमुना भरून ठेवावा. रकाना एक: आज काय पाहिलं. रकाना दोन: घरी कुणाला सांगितलं. रकाना तीन: ऐकणारं माणूस पुढे सरकलं की मागे टेकलं. भरलेला नमुना कुठेही पाठवायचा नाही. मात्र दुसऱ्या रकान्यात 'गॅस बंद केला का' हे वाक्य ग्राह्य धरलं जाणार नाही.