एकास बारा

काष्टीच्या बाहेर, दौंड रस्त्याला, दिव्यांग युवक-युवतींसाठी एक व्यवसाय प्रशिक्षण महाविद्यालय आहे. त्याच्या व्यवस्थापन समितीवर मी गेल्या जूनपासून मानद सदस्य आहे. मानद म्हणजे मानधन नाही, चहा आहे. नियमानुसार समितीवर एक महिला, एक तिशीच्या आतली व्यक्ती आणि एक तज्ज्ञ असावा लागतो. मी महिला आहे, चोवीस वर्षांची आहे आणि भौतिकशास्त्रात एमएस्सी आहे. माझ्या एकटीच्या नेमणुकीने तिन्ही नियमांचं पालन झालं आणि दोन जागा वाचल्या. त्यातली एक अध्यक्षांचे मेहुणे कारभारी यांना देण्यात आली. दुसरी त्यांना पाय ठेवायला लागते.

पहिल्या दिवशी मी मोजपट्टी घेऊन गेले. संगणकाचा वर्ग व्हरांड्याला लागून होता आणि व्हरांड्याला तीन पायऱ्या होत्या. प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर, एकूण पंचेचाळीस. त्या वर्गात एकोणीस वर्षांची शमशाद शिकत होती. ती व्हीलचेअरवर असते. रोज सकाळी करण आणि आणखी तीन मुलं तिला खुर्चीसकट उचलून वर नेत. करणला ऐकू येत नाही, पण तिची खुर्ची त्याने कधी पायरीला घासू दिली नव्हती.

"उचलत्यात चांगलं, पर मी काय पोतं हाय का, ताई?" शमशाद म्हणाली. "शनिवारच्या बाजारात म्हशीलासुद्धा फळी लावत्यात, टेम्पोत चढाया."

तिचे वडील दिलावरभाई बाजाराचाच टेम्पो चालवतात. ते शेजारीच उभे होते. "तीच फळी आणतो की," ते म्हणाले. "आत्ता टाकतो. धुऊन टाकतो."

शमशादचा अभ्यासक्रम मार्चमध्ये संपणार होता. गावातल्या एका सेवा केंद्राने टायपिंगसाठी तिची जागा धरून ठेवली होती, पण मार्चअखेर प्रमाणपत्र दाखवण्याच्या अटीवर. प्रमाणपत्राला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. म्हणजे तिच्या आणि नोकरीच्या मध्ये तीन पायऱ्या होत्या.

मी फळीचा प्रस्ताव समितीपुढे ठेवला. समितीचे सचिव आणि महाविद्यालयाचे प्राचार्य ज्ञानेश्वर सर यांनी तो बारकाईने वाचला.

"मॅडम, भावना पोचली," ते म्हणाले. "पण तात्पुरती सोय केली, तर कायमच्या सोयीची निकड सिद्ध होत नाही."

फळी परत गेली. मग मी कायमच्या सोयीची टिप्पणी लिहिली. शास्त्राचं शिक्षण झालेलं असल्यामुळे मोजकी लिहिली: रॅम्पचा उतार एकास बारा असावा.

अध्यक्ष रंगनाथअण्णा सहा संस्थांचे अध्यक्ष आहेत. सहाही संस्थांचे शिक्के त्यांच्या एकाच पिशवीत असतात. त्यांनी टिप्पणी मोठ्याने वाचली आणि मान डोलावली.

"एकास बारा. बराबर हाय. बारा पोरांमागं एक रॅम्प. मास्तरांचं कसं, एकास आठ असतं. तसंच हे."

"अण्णा, तसं नाही," मी म्हणाले. "एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. एक उभं, बारा आडवं." मी कागदावर त्रिकोण काढून दाखवला.

अण्णांनी त्रिकोणाकडे कौतुकाने पाहिलं. "लई हुशार हायेस तू, पंकजा. उभं-आडवं मागनं बघू. आधी बारा पोरं तर पायजेत."

मी ज्ञानेश्वर सरांना त्रिकोण इतिवृत्तात घालायला सांगितलं. "मॅडम, इतिवृत्तात आकृती काढता येत नाही," ते म्हणाले. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सूचक, मी. अनुमोदक, कारभारी.

ठराव वरच्या कार्यालयात गेला आणि आश्चर्य म्हणजे तीन आठवड्यांत उत्तर आलं. संस्थेने स्वतःहून एकास बारा हा निकष स्वीकारल्याबद्दल अभिनंदन. बारा व्हीलचेअरधारकांची यादी तातडीने पाठवावी.

आमच्याकडे एक होती.

"अकराच कमी हायत," कारभारी म्हणाले. माणूस आशावादी आहे.

मी खुलाशाचं पत्र लिहिलं. त्यावर उत्तर आलं की संस्थेला निकष बदलायचा असल्यास नवा ठराव करावा, आणि त्याचा विचार पुढच्या वर्षी होईल. शमशादला पुढचं वर्ष नव्हतं. त्यामुळे बारा ही संख्या गाठणं हाच जवळचा रस्ता आहे, असं समितीचं मत पडलं. मी हरकत नोंदवली. हरकतीची नोंदही सर्वानुमते घेण्यात आली.

दिवाळीनंतर एका सेवाभावी मंडळाने अकरा व्हीलचेअर दिल्या. मोठा कार्यक्रम झाला. खुर्च्यांना हार घातले. मग चालता येणारी अकरा मुलं निवडून त्यांच्यात त्या वाटल्या. पहिली खुर्ची करणला मिळाली. तो चारशे मीटर धावण्यात तालुक्यात पहिला आलेला आहे. खुर्ची त्याने पुढून पाहिली, मागून पाहिली आणि मला खुणेने विचारलं, कुणासाठी? मी खुणेने सांगितलं, तुझ्यासाठी. त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. यापुढच्या खुणा मला येत नव्हत्या.

सूचना स्पष्ट होत्या. तपासणी कधीही होऊ शकते, म्हणून लाभार्थ्याने आवारात खुर्चीतच बसावं आणि खुर्ची एक क्षणही नजरेआड करू नये. मुलं शिस्तीची. रोज सकाळी अकराजण चाकं ढकलत पायऱ्यांपर्यंत येत, उठत, खुर्ची डोक्यावर घेत, तीन पायऱ्या चढत आणि वर जाऊन पुन्हा बसत. देखावा सुंदर होता. फक्त सगळ्यांचे हात गुंतलेले असल्यामुळे शमशादला उचलायला कुणी उरलं नाही. एकदा करणने आपली खुर्ची खाली ठेवून तिची धरली, तर त्याला लेखी समज देण्यात आली: एका लाभार्थ्याने दुसऱ्या लाभार्थ्यास उचलणे हे दोघांच्याही पात्रतेस बाधक आहे.

शमशाद आवारातल्या लिंबाखाली बसून राहू लागली. हजेरीपट वर होता.

"सर, ती रोज येते," मी म्हणाले.

"येते ना. मी कुठं नाही म्हणतो? आवारात हजर आहे," ज्ञानेश्वर सर म्हणाले. "वर्गात गैरहजर."

फेब्रुवारीत तिची हजेरी अठ्ठावन्न टक्क्यांवर आली आणि नियमाप्रमाणे तिचं नाव पटावरून कमी झालं. दोनच दिवसांनी तपासणीचं पत्र आलं. समितीने व्हीलचेअरधारक मोजले. अकरा भरले.

"अण्णा, शमशादलाच बसवा ना. ती तर बसलेलीच आहे," मी म्हणाले.

अण्णा गंभीर झाले. "पंकजा, ती पटावर न्हाई. पटावर नसलेली पोरगी खुर्चीत दाखवली तर ती फसवणूक हुईल. आपली संस्था तसली न्हाई."

"मग बारावं कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियमाने तीन ठिकाणी बसणारी मी, चौथ्या ठिकाणीही बसत होते.

"पाच मिन्टाचं काम हाय," कारभारी म्हणाले. "प्रशिक्षणार्थी म्हणून नाव घालतो. तज्ज्ञाला शिकाया कुठं बंदी हाय?"

मी विचार केला. रॅम्प झाला की शमशादला परत दाखल करून घेता येईल, जादा तास लावून हजेरी भरून काढता येईल. प्रयोगात थोडी चूक गृहीत धरावीच लागते. मी हो म्हणाले. बारावी खुर्ची शमशादची होती. ती संस्थेच्या मालकीची निघाली. शिपायाने शमशादला लिंबाच्या पारावर बसवलं आणि खुर्ची माझ्याकडे आणली.

"ताई, ब्रेक डाव्या हाताला हाय," पारावरून आवाज आला. "अन् उजवं चाक जरा वढतंय."

तपासणी अधिकारी भले गृहस्थ होते. ते वाकून माझ्याशी बोलले. "आपल्याला रॅम्पची गरज वाटते का?"

"वाटते," मी म्हणाले. त्या दिवशी महाविद्यालयात बोललेलं हे एवढंच खरं.

रॅम्प मंजूर झाला आणि मार्चअखेरीस बांधूनही झाला. बांधणाऱ्याने आमचा ठराव अक्षरशः पाळला होता. एकास बारा. रुंदी एक फूट, लांबी बारा फूट. मी मोजपट्टी लावली. शमशादची खुर्ची बासष्ट सेंटिमीटर रुंद, रॅम्प तीस. चढ निघाला साधारण एकास आठ. तेवढा मात्र मास्तरांच्या प्रमाणाशी जुळला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिलावरभाई शमशादचा दाखला न्यायला आले. टेम्पोत मागे फळी होती. सेवा केंद्रातली जागा भरून गेली होती. रॅम्पकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"सर, आता तरी टाकू का फळी?"

"आता कशाला?" ज्ञानेश्वर सर प्रसन्नपणे म्हणाले. "आता कायमची सोय झाली की."

झालीच आहे. एक फुटाच्या रॅम्पवरून दुचाकी फार छान चढते. व्हरांड्यात दिवसभर सावली असते. अण्णांची बुलेट तिथे असते, सरांची गाडी असते, आणि ऊन फार असेल त्या दिवशी माझी स्कूटीही असते. भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, तीत सूचक म्हणून माझं नाव कोरलं आहे. आणखी चार गाड्या मावतील एवढी जागा आहे. तुम्ही कधी आलात तर गाडी खाली उन्हात लावू नका, सरळ वर घ्या. कशी घ्यायची ते सांगायला नको. बँकेत, दवाखान्यात, तुमच्या सोसायटीत तुम्हाला सवय आहेच.