वाट पाहण्याची पदवी

मन्मथअप्पांना तुम्ही नुसतं 'कसे आहात' विचारून बघा. आधी ते मान खाली वाकवतील, तोंड तिरकं करतील, समोर नसलेल्या काचेच्या भोकातून बोलल्यासारखं "बरा हाय" म्हणतील आणि लगेच तुमच्या खांद्यावरून मागं बघत विचारतील, "हं, पुढचा?"

मागं कुणी नसतं. पहिल्यांदा मीही वळून पाहिलं होतं.

अप्पांनी लातूरच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत तेहतीस वर्षं काढली. खिडकीचं भोक बुटक्या माणसाच्या बेतानं पाडलेलं आणि अप्पा सहा फुटी. नोकरी संपली, मान तिथंच राहिली. अभिमान त्यांना एकाच गोष्टीचा. 'माहीत नाही' हे शब्द तेहतीस वर्षांत त्या भोकातून बाहेर पडले नाहीत. रेणापूरची गाडी असो, बिलोलीची असो, की कुणाचा गर्दीत चुकलेला सासरा असो, उत्तर तयार.

आमच्या कॉलेजात 'स्वतः आखायची पदवी' सुरू झाली आणि तिचा समन्वयक म्हणून मला बसवलं. कुठल्याही विभागातले विषय उचला, एका सूत्रात ओवा, वर आपल्या पसंतीचं नाव द्या, झाले बी.ए. ज्या गावात गल्लोगल्ली पोरं डॉक्टर व्हायला येतात, तिथं असल्या पदवीला आठ जण मिळाले. त्यांतले एक अप्पा. फॉर्मच्या वेळी क्लार्क म्हणाला, नातवालाच घेऊन या. अप्पांनी मान वाकवली. "नातू पुण्यात हाय. फॉर्म माझा. पुढचा?"

पदवीचं नाव त्यांनी दिलं 'वाट पाहणे'. त्यात मानसशास्त्र, भूगोल, इतिहास आणि थोडं संख्याशास्त्र. मंजुरी देणाऱ्या समितीतले एक सर फिदीफिदी हसले. अप्पांनी त्यांना शांतपणे विचारलं, "सर, तुमी शेवटची कुणाची वाट बघितली?" सरांचं हसू गेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि सही केली.

दर गुरुवारी दुपारी सेमिनार. सगळी वर्षं एकत्र, बाकं गोल. एकानं निबंध वाचायचा, दुसऱ्यानं प्रश्न विचारायचे. पोरं बेधडक थापा मारतात, म्हणून मी नियम केला होता. येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणायचं. मी वहीत 'प्रश्न राहिला' असं लिहिणार, आणि त्यानं पुढच्या गुरुवारी उत्तर आणायचं. तोवर सेमिनार पुरा नाही, गुण नाहीत. पोरांची पानंच्या पानं भरली. अप्पांचं पान कोरं.

आणि निबंध तरी काय एकेक! गाडी वेळेच्या आधी येणार नाही हे ठाऊक असूनही माणूस उठून रस्त्यापर्यंत का जातो? बाया पिशवी मांडीवर का ओढून घेतात? घड्याळ बघितल्यावर लगेच पुन्हा का बघतात? अप्पांचं संशोधन सांगतं, पहिल्यांदा वेळ बघितलेलीच नसते. प्रश्न दुसऱ्या कुणाला असला तरी उत्तर अप्पाच देत. औशाहून रोज ये-जा करणारी सुमेधा, त्यांच्याहून एक वर्ष मागची, शेजारी बसायची. साडेचार झाले की निबंध कितीही रंगलेला असो, अप्पा म्हणत, "पोरी, पावणेपाचची सात नंबरला लागली. पळ."

शेवटच्या सत्रात अप्पांचा एकच निबंध उरला होता. तेवढा झाला की पदवी. आठवडाभर आधी व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं.

"सर, हे संपल्यावर काय?"

पदवी मिळेल, म्हटलं.

"ते झालं. गुरुवारी काय?"

मी हसण्यावारी नेलं. मग अप्पाच सहज सांगत राहिले. स्टँडवर आता जो तो मोबाईलमध्ये गाडी बघतो. मुलगा रोज फोन करतो, जेवलात का विचारतो, आणि अप्पा भाजी कोणती ते सांगेपर्यंत 'बरं, ठेवतो' म्हणतो. "विचारतो बगा रोज," अप्पा म्हणाले. "पोरगं चांगलं हाय."

शेवटच्या गुरुवारी प्रश्न विचारायची पाळी सुमेधाची होती. गुण पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. आज प्रश्न राहिला तर सेमिनार थेट पुढच्या सत्रात. सुमेधानं सहा अवघड प्रश्न काढले होते. अप्पांनी सहाही सोडवले. "पुढचा?" प्रत्येक वेळी आवाज मात्र जरा खाली उतरत होता. मी म्हटलं, आता शेवटचा.

सुमेधानं वही मिटली आणि त्यांच्याकडं बघत राहिली.

"अप्पा, माझी औशाची गाडी किती वाजता हाय?"

कुणी हसलं नाही. अप्पांची मान वाकली, तोंड तिरकं झालं, ओठ हललेसुद्धा. मग मान हळूहळू वर आली. त्या दिवशी प्रथमच मी त्यांना पूर्ण सहा फूट पाहिलं.

"माहीत न्हाई," ते म्हणाले. "सांगतो पुढच्या खेपेला."

मी वही ओढली आणि त्यांच्या कोऱ्या पानावर लिहिलं, 'प्रश्न राहिला'.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले. अप्पांनी 'पळ' म्हटलं नाही. सुमेधा आपली आपणच उठली आणि पिशवी सावरत पळाली.